टेबलावरची छोटी गाडी आणि तिची पुस्तके

पारशिवनी गावाला रेल्वे स्टेशन नाही. पण तालुक्याच्या दक्षिण टोकाला कन्हान आहे. हावडा-नागपूर मार्गावरचे ते जंक्शन. रामटेकचा फाटा तिथूनच निघतो. पश्चिमेला, शेजारच्या सावनेर तालुक्यातून, नागपूर-छिंदवाडा ही अरुंद रुळांची छोटी गाडी २०१५ सालापर्यंत जात असे. इथल्या मुलांना गाडी परकी नाही. त्यामुळे शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी धावती रेल्वे करायची असे ठरले, तेव्हा कुणालाच नवल वाटले नाही.

आम्ही उत्साहाने कामाला लागलो. प्लायवुडचा एक तक्ता आणला. एका परिचितांकडून जुने रूळ आणि एक लहान इंजिन मिळाले. सोबत एक मार्गदर्शक पुस्तकही मिळाले. ते अमेरिकेत छापलेले होते. चित्रे सुरेख, आकृत्या स्पष्ट, कुठला खिळा कुठे ठोकायचा इथपर्यंत सगळे दिलेले. मुलांनी कन्हानला उभ्या असलेल्या डब्याची मापे मिळवली, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे प्रत्येक मापाला ८७ ने भागले आणि पुठ्ठ्याचा डबा तयार केला. तो रुळावर ठेवला. सातवीतली एक मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "सर, ही गाडी पडून जाईन ना!"

गाडी पडली नाही. पण मुलीचे म्हणणे खोटे नव्हते. आपल्या ब्रॉडगेजवरच्या नेहमीच्या डब्याची रुंदी सुमारे ३.२५ मीटर आणि दोन रुळांमधले अंतर १.६७६ मीटर असते. म्हणजे डबा रुळांच्या जवळजवळ दुप्पट रुंद. आमचा डबा मात्र त्याच्या रुळांच्या सव्वादोन पटींहून थोडा जास्त रुंद झाला होता. तेवढा फरक तिच्या डोळ्यांनी टिपला. चूक मुलांच्या मोजमापात नव्हती, भागाकारातही नव्हती. पुस्तकातही नव्हती. चूक आमच्या निवडीत होती. ते पुस्तक दुसऱ्या देशातल्या रेल्वेसाठी लिहिलेले होते, आणि हे आम्ही पाहिलेच नव्हते.

त्यानंतर आम्ही या विषयावरची पुस्तके वेगळ्या नजरेने वाचू लागलो. कोणते पुस्तक कधी लिहिले गेले, कुठे, कुणासाठी, हे शोधू लागलो. त्यातून एक छोटासा इतिहास हाती आला. तो शिक्षकांना उपयोगी पडेल असे वाटते.

खेळण्यापासून मापापर्यंत

खेळण्यातली आगगाडी खऱ्या आगगाडीच्या मागोमाग आली. पण सुरुवातीला तिला माप असे नव्हते. प्रत्येक कारखानदार आपल्या सोयीने चाके आणि रूळ करी. एकाची गाडी दुसऱ्याच्या रुळावर चालत नसे. जर्मनीतल्या मर्कलिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक रुंदीच्या रुळांचे संच मांडले आणि रुंदींना क्रमांक दिले. पुढे सर्वांत लहान रुंदीला शून्य हा क्रमांक मिळाला. नंतर त्याहूनही लहान गाडी निघाली, तेव्हा तिला 'अर्धे शून्य' म्हणण्याची पाळी आली. आज जगभर सर्वाधिक प्रचलित असलेल्या 'एच-ओ' या मापाच्या नावात हेच अर्धे शून्य दडलेले आहे. यात रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर आणि प्रमाण १:८७ असते.

हे दोन आकडे कुठून आले? युरोप-अमेरिकेतल्या बहुतेक मुख्य मार्गांवर रुळांमधले अंतर १,४३५ मिलिमीटर आहे. त्याला ८७ ने भागले की १६.५ येतात. आमच्या पुस्तकाचा सगळा डोलारा या एका भागाकारावर उभा होता.

गंमत अशी की खुद्द इंग्लंडात हा हिशोब पाळला गेला नाही. इंग्लंडची इंजिने अमेरिकेच्या आणि युरोपच्या इंजिनांपेक्षा अंगाने लहान. १:८७ प्रमाणात केलेल्या इंग्रजी इंजिनाच्या पोटात त्या काळच्या मोटरी मावत नसत. म्हणून रूळ १६.५ मिलिमीटरचेच ठेवले, पण गाडी थोडी मोठी, म्हणजे सुमारे १:७६ प्रमाणात केली. या प्रमाणात रूळ १८.८ मिलिमीटर हवेत. म्हणजे इंग्रज मुले कित्येक पिढ्या अरुंद रुळांवरच्या गाड्या चालवत आली आहेत, आणि त्यांना ते खटकत नाही. आमच्या मुलीला खटकले, याचा आम्हाला आता अभिमान वाटतो.

प्रत्येक पुस्तकाचे एक घर असते

या छंदाची पुस्तके शंभर वर्षांहून अधिक काळ लिहिली जात आहेत. ती लिहिणाऱ्यांच्या हाताशी काय होते, हे पुस्तकांमधून स्पष्ट दिसते.

इंग्लंडात १८९८ साली 'मॉडेल इंजिनिअर' हे नियतकालिक निघाले. हेन्री ग्रीनली यांचे 'द मॉडेल लोकोमोटिव्ह' हे पुस्तक १९०४ सालचे. या पुस्तकांचा वाचक म्हणजे घरी लेथ असणारा, धातू कापणारा, बॉयलर जोडणारा गृहस्थ. गाडी धावण्याइतकीच ती वाफेवर धावणे त्याला महत्त्वाचे वाटे. आपल्या शाळेत असे पुस्तक आले तर त्यातले पहिले प्रकरणही हाताने करून पाहता येणार नाही. वाफेच्या इंजिनाचे तत्त्व समजून घ्यायला मात्र ते अजूनही चांगले.

पहिल्या महायुद्धानंतर गाड्या लहान झाल्या. १९२२ साली जेवणाच्या टेबलावर मांडता येईल अशी 'टेबल रेल्वे' विकायला आली. गाडी टेबलावर आल्याबरोबर पुस्तकेही बदलली. १९३० च्या दशकात एडवर्ड बील नावाच्या धर्मोपदेशकाने पुठ्ठा, कागद, लाकूड अशा साध्या वस्तूंपासून रेल्वे कशी उभारायची हे सांगणारी पुस्तके लिहिली. जॉन अहर्न यांनी आपल्या घरी एका काल्पनिक खोऱ्यातली रेल्वे उभारली. रुळांइतकेच महत्त्व त्यांनी भोवतालच्या घरांना, झाडांना, दगडी भिंतींना दिले. लघुरूपातील निसर्गदृश्यांवरचे त्यांचे पुस्तक १९५१ साली आले. त्यांची ती रेल्वे इंग्लंडमधील पेंडन संग्रहालयात जपून ठेवली आहे. शाळेच्या दृष्टीने आपले नाते या घराण्याशी अधिक जवळचे. पुठ्ठा, डिंक, कात्री आणि डोळे, एवढेच भांडवल त्याला लागते.

अमेरिकेत 'मॉडेल रेलरोडर' हे मासिक १९३४ साली सुरू झाले. तिथल्या घरांना मोठी तळघरे. त्यामुळे तिथली पुस्तके मोठ्या मांडणीची स्वप्ने दाखवतात. जागा कमी असेल तर ८ फूट लांब आणि ४ फूट रुंद टेबल घ्या असे सांगतात, कारण तिथे प्लायवुडचा तक्ता त्याच मापात मिळतो. लिन वेस्टकॉट यांचे १०१ आराखड्यांचे पुस्तक १९५६ सालचे. इंग्लंडात सिरिल फ्रीझर यांनी लहान घरांचा विचार करून ६० आराखड्यांचे पुस्तक केले. १९५७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला 'मिनरीज' हा शहरी टर्मिनसचा आराखडा दोन मीटरच्या फळीवर बसतो आणि घडी करून ठेवता येतो. एकाच्या मनात तळघर, दुसऱ्याच्या मनात झोपायच्या खोलीतली फळी.

या सर्वांहून वेगळा प्रश्न फ्रँक एलिसन या अमेरिकन छांदिष्टाने १९४४ साली विचारला. त्यांनी रेल्वेच्या मांडणीला नाटकाची उपमा दिली. टेबल म्हणजे रंगमंच, गाड्या म्हणजे पात्रे आणि वेळापत्रक म्हणजे कथानक. गाडी नुसती गोल गोल फिरली तर नाटक होत नाही. ती कुठून तरी निघाली पाहिजे, काहीतरी घेऊन कुठेतरी पोचली पाहिजे. जॉन आर्मस्ट्राँग यांनी १९६३ सालच्या आपल्या पुस्तकात हाच विचार शास्त्रशुद्ध केला. फाटा किती लांब हवा, समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला किती जागा लागेल, मालडबे अदलाबदल करताना इंजिन कुठे उभे राहील, हे सारे त्यांनी हिशोबाने मांडले.

याच सुमारास टेबलाखालच्या तारांमधून आणखी एक गोष्ट घडत होती. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९४६ साली विद्यार्थ्यांनी रेल्वे मॉडेलचा क्लब काढला. टेलिफोन केंद्रातले टाकाऊ रिले वापरून त्यांनी सांधे आणि सिग्नल चालवले. कोणती गाडी कोणत्या रुळावर आहे, कोणता सांधा कुठे वळला आहे, हे तारांनी 'ओळखायचे' म्हणजे तर्कशास्त्रच. १९५० च्या दशकाअखेरीस हीच मुले संस्थेतल्या संगणकांकडे वळली आणि 'हॅकर' हा शब्द त्यांच्या बोलीतून जगभर गेला. रेल्वेचे टेबल हे खेळणे आहे असे म्हणणाऱ्या मुख्याध्यापकांना हे उदाहरण जरूर सांगावे.

आपले रूळ कुठे बसतात?

आता आपल्याकडे वळू. नागपूरला मुंबईकडून रेल्वे आली ती १८६७ साली, ब्रॉडगेजने. पुढे नागपूरहून पूर्वेकडे, कन्हान नदी ओलांडून राजनांदगावपर्यंत, जी नागपूर-छत्तीसगड रेल्वे १८८० च्या सुमारास बांधली गेली ती मीटरगेज होती. १८८७ साली स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने ती ताब्यात घेऊन ब्रॉडगेज केली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत याच कंपनीने सातपुड्यात आणि नागपूरभोवती ७६२ मिलिमीटर रुंदीच्या छोट्या मार्गांचे जाळे विणले. पारशिवनीच्या आसपासच्या वीस-पंचवीस मैलांत रुळांच्या तिन्ही रुंदी नांदून गेल्या आहेत. एवढी समृद्ध प्रयोगशाळा फार कमी शाळांना मिळते.

या तिन्हींना ८७ ने भागून पाहू. ब्रॉडगेजचे १,६७६ मिलिमीटर होतात १९.३. मीटरगेजचे १,००० होतात ११.५. नॅरोगेजचे ७६२ होतात ८.८. बाजारात तयार रूळ मिळतात ते १६.५, १२ आणि ९ मिलिमीटरचे. म्हणजे ब्रॉडगेजसाठी तयार रूळ जवळजवळ तीन मिलिमीटरने अरुंद पडतात. आमची मुलगी म्हणाली ती हीच गोष्ट. मीटरगेजला १२ चे रूळ अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने चालतात. आणि छोट्या गाडीला ९ चे रूळ पाव मिलिमीटरहूनही कमी फरकाने बसतात.

ब्रॉडगेजसाठी दोन मार्ग उरतात. एक, १९.३ मिलिमीटरवर स्वतः रूळ बसवायचे. ते कौशल्याचे आणि वेळखाऊ काम आहे. दुसरा मार्ग मुलांनीच सुचवला. रूळ बदलता येत नसतील तर भाजक बदला! १,६७६ ला १६.५ ने भागले की १०१.६ येतात. म्हणजे गाडी १:१०० प्रमाणात केली तर १६.५ चे रूळ जवळजवळ अचूक ठरतात. शिवाय १०० ने भागणे पाचवीच्या मुलालाही जमते. मीटरचे सेंटिमीटर केले की झाले. आमच्या अमेरिकन पुस्तकात हे कुठेच नव्हते, कारण त्याच्या लेखकाला असा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

वळणाचा हिशोब

रूळ ठरले, पण टेबल तेच. इथे दुसरी अडचण आली आणि तिच्यातून सर्वांत सुंदर धडा मिळाला.

भारतीय रेल्वेच्या नियमांनुसार ब्रॉडगेजच्या सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर असू शकते. त्याहून तीव्र वळण चालत नाही. मीटरगेजला ही मर्यादा १०९ मीटर, तर ७६२ मिलिमीटरच्या नॅरोगेजला फक्त ४४ मीटर. आता १:१०० प्रमाणात ब्रॉडगेजचे वळण करायचे तर त्रिज्या पावणेदोन मीटर हवी. गाडी पूर्ण वळवायची तर साडेतीन मीटर रुंद टेबल लागेल. एवढी जागा वर्गात नाही. पुस्तके यावर तोडगा काढतात आणि खऱ्याहून कितीतरी तीव्र वळणे देतात. अमेरिकन पुस्तकांत १८ इंच त्रिज्या नेहमी दिसते. गाडी वळते, पण लांब डबे वळणावर रुळाबाहेर लोंबतात आणि खेळण्यासारखे दिसतात.

छोट्या गाडीचे काय? ४४ मीटर भागिले ८७ म्हणजे साधारण ५१ सेंटिमीटर. पूर्ण अर्धवर्तुळाला १०२ सेंटिमीटर रुंदी लागते. आपला प्लायवुडचा तक्ता सुमारे १२० सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे नियमात बसणारे खरे वळण, काहीही न चोरता, वर्गातल्या टेबलावर मावते आणि दोन्ही बाजूंना नऊ-नऊ सेंटिमीटर जागा उरते.

हा योगायोग नाही. सातपुड्यात अरुंद रूळ घातले ते याचसाठी. रूळ अरुंद असले की गाडी तीव्र वळण घेऊ शकते. तीव्र वळण घेता आले की डोंगराला वळसा घालता येतो. बोगदे, खोदाई, भराव आणि उंच पूल कमी लागतात, खर्च वाचतो. ज्या कारणाने ती गाडी सातपुड्याच्या डोंगरात मावली, त्याच कारणाने ती आपल्या टेबलावर मावते. मुलांना हे पाठ करून द्यावे लागत नाही. दोरीने वर्तुळ आखले की ते समोर दिसते.

इतर जिल्ह्यांतल्या शिक्षकांनाही हा हिशोब करता येईल. बार्शी लाइट रेल्वे आणि विदर्भातली 'शकुंतला' या ७६२ मिलिमीटरच्याच. त्यांना ९ चे रूळ चालतील. माथेरानची गाडी मात्र ६१० मिलिमीटरची. तिला १:८७ प्रमाणात सात मिलिमीटरचे रूळ लागतील आणि ९ चे रूळ फसवतील. तिच्यासाठी भाजक बदलावा लागेल. किती, ते विद्यार्थ्यांना काढू द्यावे.

पुस्तकातले आराखडेही असेच तपासता येतात. पुष्कळ पुस्तकांत एक रूळ दुसऱ्यावरून नेणारा मोहक आराखडा असतो. समजा, वरच्या रुळासाठी सात सेंटिमीटर उंची हवी आणि चढ ५० ला १ एवढाच ठेवायचा आहे. मग चढायला साडेतीन मीटर आणि उतरायला साडेतीन मीटर, एकूण सात मीटर रूळ हवेत. आपल्या टेबलावर ५१ सेंटिमीटर त्रिज्येचा लंबगोल साधारण साडेपाच मीटरचा होतो. पूल होणार नाही. हे तक्ता कापण्यापूर्वी कळले तर बरे.

आणखी एक गोष्ट पुस्तके सांगतात पण कारण देत नाहीत. डब्यात वजन घाला म्हणतात. सुमारे ४० टनांचा डबा १:८७ प्रमाणात किती वजनाचा व्हावा? लांबी ८७ पट घटते, पण घनफळ ८७ गुणिले ८७ गुणिले ८७ म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पट घटते. उत्तर येते साधारण ६० ग्रॅम. एवढा हलका डबा सांध्यावर उडतो. १९३५ साली स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या छांदिष्टांच्या राष्ट्रीय संघटनेने यासाठी नियम केला आहे. एच-ओ डब्याला मूळ १ औंस आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस वजन द्यावे. साडेनऊ इंचांच्या डब्याला या नियमाने १६० ग्रॅमच्या आसपास वजन लागते, म्हणजे प्रमाणशीर वजनाच्या अडीच पटींहून अधिक. लहान केलेली वस्तू मोठ्या वस्तूसारखी वागत नाही, हे गॅलिलिओने सांगितलेले तत्त्व इथे हातात घेऊन तोलता येते.

जुन्या पुस्तकांपासून सावध

ग्रंथालयातून किंवा रद्दीतून जुने पुस्तक मिळाले तर आनंद होतो. मांडणी, झाडे, घरे यांच्यासाठी ते उत्तम असू शकते. पण त्याचे साल आधी पाहावे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही विजेच्या गाड्या थेट घरातल्या विजेवर, मध्ये फक्त दिव्याचा अडथळा ठेवून चालवल्या जात. तसली जोडणी चुकूनही करू नये. शाळेत १२ व्होल्टचा, बंद पेटीतला तयार पुरवठा वापरावा आणि २३० व्होल्टच्या बाजूला मुलांनी हात लावू नये.

जुनी पुस्तके डोंगर घडवण्यासाठी ॲसबेस्टॉसची पूड आणि रूळ पुसण्यासाठी कार्बन टेट्राक्लोराइड सुचवतात. पहिल्याने फुप्फुसांचे जीवघेणे रोग होतात, दुसऱ्याची वाफ यकृताला घातक असते. त्या लेखकांना त्या काळी हे पुरेसे ठाऊक नव्हते. आपल्याला ठाऊक आहे. डोंगरासाठी रद्दी कागदाचा लगदा पुरतो.

गिट्टीसाठी तर पुस्तकाचीही गरज नाही. रुळाखालचा खडा साधारण ५० मिलिमीटरचा. ८७ ने भागले की अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त. कन्हान नदीची वाळू धुऊन, बारीक चाळणीने चाळली की नेमकी ही गिट्टी मिळते. चाळणीच्या छिद्राचे माप कसे काढावे, हा वेगळा छान प्रयोग होतो.

पुस्तक निवडताना

आमच्या चुकीतून आम्ही पाच प्रश्न तयार केले. पुस्तक हाती आले की ते या क्रमाने विचारावेत.

पहिला, हे पुस्तक कोणत्या रुंदीच्या खऱ्या रुळांसाठी लिहिले आहे? ते सांगितलेले नसेल तर १,४३५ मिलिमीटर समजावे आणि त्यातले प्रत्येक तयार माप पुन्हा तपासावे.

दुसरा, लेखकाच्या मनात केवढी खोली आहे? आराखड्यातल्या सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या पाहावी, ती दुप्पट करावी, दोन्ही बाजूंना हातभर नाही तरी वीतभर जागा धरावी आणि मग आपला वर्ग मोजावा.

तिसरा, लेखकाच्या हातात कोणती हत्यारे आहेत? लेथ, सोल्डरिंग आणि विकतचे संच गृहीत धरणारे पुस्तक शिक्षकाने स्वतः वाचावे. पुठ्ठा आणि कात्री गृहीत धरणारे मुलांच्या हाती द्यावे.

चौथा, ते कोणत्या साली लिहिले? विजेची आणि रसायनांची प्रकरणे नव्या पुस्तकातूनच घ्यावीत. १९९० च्या दशकापासून रुळांतून अंकीय संदेश पाठवून प्रत्येक इंजिन स्वतंत्र चालवण्याची पद्धत रूढ झाली. तिची माहिती जुन्या पुस्तकात नसणारच. पण एका इंजिनाच्या शालेय मांडणीला तिची गरजही नसते.

पाचवा, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. गाडी काय वाहून नेते, कुणाला नेते, हे पुस्तक विचारते का? रामटेकच्या फाट्यावर यात्रेकरू असतात. मनसर-कांद्रीचे मँगनीज आणि कन्हानच्या आसपासचा कोळसा या भागाच्या पोटात आहे. हे न विचारता जी गाडी फिरते ती कुठल्याही गावची असू शकते, म्हणजे कुठलीच नसते.

एकच पुस्तक पाचही प्रश्नांना उतरेल असे नाही. आम्हाला तसे मिळाले नाही. एकातून वळणाचे नियम घ्यावेत, दुसऱ्यातून पुठ्ठ्याची घरे, तिसऱ्यातून वेळापत्रकाची कल्पना.

न छापलेले पुस्तक

शेवटी आम्ही नागपूर-छिंदवाडा मार्गावरचे एक लहान स्टेशन करायचे ठरवले. आराखडा कोणत्याच पुस्तकात नव्हता. तो मार्ग नोव्हेंबर २०१५ च्या अखेरीस बंद झाला आणि नंतर ब्रॉडगेज झाला. नागपूर-नागभीडची छोटी गाडीही २०१९ साली थांबली. जे रूळ मोजायचे ते उखडले गेले होते.

मग मुले घरोघर गेली. आजी-आजोबांना विचारले. गाडी किती वाजता यायची, प्लॅटफॉर्म किती उंच होता, पाणी कुठे भरायचे, डब्याचा रंग कोणता, सामान कोणते चढायचे. एक आजोबा म्हणाले, प्लॅटफॉर्म नव्हताच, पायरीवर उडी मारून चढायचो. दुसऱ्या आजी म्हणाल्या, होता, पण फूटभरच. दोघांचे म्हणणे वहीत लिहिले आणि खाली प्रश्नचिन्ह काढले. नागपूरला मोतीबागेत २००२ साली सुरू झालेले नॅरोगेज संग्रहालय आहे. तिथले इंजिन आणि डबे पाहून बरीच प्रश्नचिन्हे पुसता आली, सगळी नाही. ज्यांना जमेल त्यांनी पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालयही पाहावे. ते १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. अख्खे लहान शहर आणि त्यातून धावणाऱ्या गाड्या पाहिल्या की एका माणसाची चिकाटी काय करू शकते ते कळते.

टेबलावरचे स्टेशन आता तयार आहे. ताशी ३० किलोमीटरने जाणारी गाडी १:८७ प्रमाणात सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर जाते. साडेपाच मीटरचा फेरा तिला एक मिनिटभर पुरतो. पहिल्यांदा ती इतकी सावकाश निघाली की मुले कंटाळतील असे आम्हाला वाटले. पण प्रदर्शनाला आलेली वडीलधारी माणसे टेबलाभोवती थांबली आणि म्हणाली, बरोबर, अशीच चालायची.

मुलांच्या त्या वहीत मापे आहेत, आठवणी आहेत, न सुटलेली प्रश्नचिन्हे आहेत. पुढच्या वर्षीच्या वर्गाला आम्ही मार्गदर्शक पुस्तक म्हणून तीच देणार आहोत. रामटेकच्या फाट्यावरची स्टेशने अजून उभी आहेत. या वर्षीची तुकडी मोजपट्टी घेऊन तिकडे निघाली आहे.